परतीचा पत्ता

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गाव सोडून दूर आलेल्या माणसांपुढे उभा राहिलो की, गाव हिरावून घेतलेल्या माणसांची मला आठवण होते. आपण आपल्या इच्छेने निघालो. परतीचे तिकीट आपल्याला कोणी नाकारले नाही.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात, टेबल पर्वताच्या पायथ्याशी ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची वस्ती होती. मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, बंदरावरचे हमाल, शिंपी, ज्यू दुकानदार, मुसलमान कारागीर, आपल्या देशातून गेलेले व्यापारी, सारे तेथे भिंतीला भिंत लावून राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली. साठ हजारांहून अधिक माणसे उठवली गेली आणि शहराबाहेरच्या रेताड, वाऱ्याच्या माळावर नेऊन टाकली गेली. तीही एकत्र नव्हे. भारतीयांना रायलँड्स, आफ्रिकनांना लांगा-गुगुलेथू, मिश्रवर्णीयांना हॅनोव्हर पार्क; पुढे मिचेल्स प्लेन. जुन्या वस्तीतील हमरस्त्याचे नाव हॅनोव्हर स्ट्रीट होते. रस्ता नाहीसा करून त्याचे नाव नव्या वसाहतीला देण्यात आले, याला औदार्य म्हणावे की क्रूर थट्टा, हे आपणच ठरवा. घरांवर बुलडोझर फिरले; काही मशिदी आणि चर्चे तेवढी शिल्लक राहिली. देवाला उठवण्याचे धाडस सरकारला झाले नसावे. दूर गेलेले भक्त प्रार्थनेसाठी तेथे येत राहिले.

१९९१ साली वर्णवार वस्तीचा कायदा रद्द झाला. १९९४ च्या एप्रिलमध्ये सर्वांनी एकाच रांगेत उभे राहून मतदान केले. त्या रांगांची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरच्या बाईला शहरातल्या कामावर जायचे तर अंधारातच गाडी पकडावी लागत होती. कायदा रद्द झाल्याने तिचे घर एक फर्लांगही शहराजवळ सरकले नव्हते.

१९९४ सालीच जमीन परत मिळविण्याचा कायदा झाला. ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत दावे मागविण्यात आले. विशेष हे की, केवळ मालकच नव्हे, भाडेकरूही दावा करू शकत होते. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये भाडेकरूच अधिक. दावेदारापुढे प्रश्न होता : पैसे घ्यावेत की परत यावे? अनेकांनी पैसे घेतले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. वृद्धापकाळी रोकड हाती असणे काय असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ज्यांनी घर मागितले, ते वाट पाहत राहिले. ११ फेब्रुवारी २००४ रोजी नेल्सन मंडेला यांनी ऐंशी ओलांडलेल्या दोघा गृहस्थांच्या हाती पहिल्या किल्ल्या दिल्या. त्यानंतर काम रखडतच गेले. २०१८ मध्ये दावेदारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तोवर कित्येक दावेदार कालवश झाले होते. जो परतला, त्याला नवे घर मिळाले. जुना शेजारी मात्र मिळेलच असे नाही.

आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात याच केपटाऊनच्या बंदरात उतरले होते. गिरमिटमुक्त मजुरांवरील तीन पौंडांच्या कराविरुद्ध त्यांनी तेथील सत्ताधाऱ्यांपाशी रदबदली केली. तो कर १९१४ साली रद्द झाला, वर्णभेद मात्र पुढे अधिकच कडक होत गेला.

१९९४ च्या डिसेंबरात जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये या वस्तीचे संग्रहालय उघडले. पाडकाम करणाऱ्या तुकडीच्या मुकादमाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या आपल्या घरी जपून ठेवल्या होत्या. त्या आता तेथे टांगलेल्या आहेत. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे. जुने रहिवासी येतात, वाकून आपली गल्ली शोधतात, आणि जेथे घर होते तेथे आपले नाव लिहितात.