फी बाबांची, निकाल मुलीचा

टेक्सासमधल्या अर्विंगला युनिव्हर्सिटी ऑफ डॅलसमध्ये मुलगी शिकते, फी साताऱ्याहून बाबा भरतात. पण गुण विचारायला गेलं, तर कॉलेज सहसा तिची लेखी संमती मागतं. १९७४चा ‘फर्पा’ कायदा हा संमतीचा हक्क विद्यार्थ्यालाच देतो. आपल्याकडच्या पालकांना हे जरा झोंबतंच! संमतीचं मुलगी निघण्याआधीच तिच्याशी बोलून घ्या.

फोन सकाळी साडेसातला, चहाच्या वेळी करा. हिवाळ्यात तिथे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, उन्हाळ्यात नऊ.

आणि हो, सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. त्या कमाईवर फीचं गणित मांडू नका.