गोठ्याचा कोबा आणि गाईचा पाय

पळसदरीहून बोलतेय.

गेल्या श्रावणात आमची आठ महिन्यांची गाभण गाय गोठ्यातच घसरली. मागचे दोन्ही पाय फाकले. आम्ही पाच जणी लागलो, तेव्हा कुठं उठली. वासरू वाचलं, पण गाय पंधरा दिवस लंगडत होती.

दोष कोब्याचा. वर नीरू घोटून आरशासारखा गुळगुळीत केलेला. आणि गव्हाणीपाशी खुरांनी, मुतानं झिजून खड्डे पडलेले. खड्ड्यात मूत साचतं, गाय त्यातच बसते, कासेला घाण लागते आणि दगडी होते. आपल्याकडं पावसाळाभर जनावरं आतच, जमीन सुकतच नाही.

म्हणून दुरुस्ती दिवाळीनंतर करा. गाय दुसरीकडं बांधा. शेण खरवडून कोबा घासून धुवा. हातोडीनं ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथपर्यंत फोडा. खड्ड्याच्या कडा छिन्नीनं सरळ उभ्या कापा, निदान 2 इंच खोल. कडेला पातळ थर दिला तर तो लगेच उचकटतो.

आदल्या रात्री खड्डा भिजवा. सकाळी साचलेलं पाणी पुसा, सिमेंटचा घोळ फासा आणि तो ओला असतानाच माल भरा. सिमेंट 1 घमेलं, स्वच्छ वाळू 2, बारीक खडी 3. पाणी बेतानंच. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरच्या वर नको. पातळ माल पसरायला सोपा, पण लवकर झिजतो.

मोरीकडं उतार ठेवा, 5 फुटांना दीड इंच. वर नीरू नको. लाकडी रंध्यानं सारखं करून खराट्यानं आडव्या रेघा ओढा. कोबा न फुटता नुसताच गुळगुळीत असेल, तर कटरनं 1 सेंटीमीटर रुंद, तेवढ्याच खोल खाचा पाडून घ्या, चार-चार इंचांवर.

नंतर 7 दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवा. तोवर गाय आत नको; ओलं सिमेंट खूर आणि कातडी खातं. आपल्या हातांनाही तेच, म्हणून रबरी मोजे घाला.

गाय बांधायच्या आधी कोबा धुवा आणि ओल्यावर अनवाणी टाच फिरवून बघा. आपली टाच सरकली, तर गाईचा खूरही सरकणार.

छिन्नी, रंधा गटात एकच घ्या, आळीपाळीनं वापरा. एका दिवसाचं काम आहे, गाईच्या पायापुढं काहीच नाही.