कथावाचन आणि श्रोता
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



लेखनवर्गात स्वतःची गोष्ट उभ्याने वाचून दाखविणाऱ्या मुलाच्या हातातील कागद थरथरतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. त्या वेळी समोरच्या बाकांवरून त्यास जे मिळते, त्यावर तो पुन्हा लेखणी हाती धरील की नाही, हे पुष्कळदा ठरते. म्हणून गोष्ट कशी लिहावी ह्याइतकाच ती कशी ऐकावी, हाही शिक्षणाचा विषय होय.

विलेपार्ले ह्या उपनगराचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ ह्या संस्था निघाल्या. संघाच्या टिळक मंदिरातील व्याख्यानांनी पार्लेकरांच्या अनेक पिढ्यांचे कान घडविले. ह्याच विद्यालयात शिकलेले पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले, आणि १९६१ पासून ते त्यांनी एकट्याने रंगभूमीवर सादर केले. घरी एकांतात वाचणारा जेथे गालातल्या गालात हसतो, तेथेच भरलेले सभागृह खदखदून हसते. कारण हसू हे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. मात्र त्या पुस्तकाचा शेवट एका गंभीर चिंतनाने होतो, आणि हसून मोकळे झालेले मन तेथे अंतर्मुख होते. श्रोत्यांचा हशा ही जशी कथेला मिळालेली पावती, तशीच त्यांची शांतताही.

श्रोता दोनदा उत्तर देत असतो. पहिले उत्तर वाचन चालू असताना शरीराने दिलेले असते. मान पुढे येते, पाय हलावयाचे थांबतात. किंवा चुळबुळ सुरू होते आणि नजर खिडकीबाहेर जाते. दुसरे उत्तर वाचन संपल्यावर तोंडाने दिलेले असते, आणि ते बहुधा ‘छान आहे’ एवढेच असते. दुसऱ्यात शिष्टाचार अधिक, पहिल्यात सत्य अधिक. यास्तव शिक्षकाने वाचनाच्या वेळी वहीकडे न पाहता वर्गाकडे पाहावे, आणि चुळबुळ कोणत्या प्रसंगापाशी सुरू झाली, हे ध्यानात ठेवावे. दुरुस्तीची जागा बहुधा तेथेच सापडते.

तथापि येथे विवेक हवा. प्रसंगाला हसणे निराळे आणि वाचणाऱ्याच्या अडखळण्याला हसणे निराळे. घरची बोली गोष्टीत आणणाऱ्या मुलाच्या उच्चाराला वर्ग हसला, तर ते मूल पुढच्या खेपेस पुस्तकी भाषेचा आश्रय घेते, आणि त्याच्या लेखनातील जिवंतपणा तेथेच संपतो. असे हसू शिक्षकाने तत्काळ थांबविले पाहिजे.

आवाजाचाही प्रश्न आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने महाराष्ट्रातील गावोगावचे श्रोते रंगून गेले. परंतु त्या कथा कागदावरही तितक्याच भक्कम होत्या. वर्गात मात्र धीट आवाज कच्ची गोष्ट तारून नेतो, आणि भित्र्या आवाजात चांगली गोष्ट वाया जाते. म्हणून प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा शिक्षकाने स्वतः संथपणे वाचावी, म्हणजे न्याय होईल.

वाचन संपताच कोणीही बोलू नये. घटकाभर शांतता असावी. नंतर आपल्या मनात काय उरले, एवढेच प्रत्येकाने सांगावे. त्यापुढे कोठे समजले नाही, ते विचारावे. लेखकाने आरंभी खुलासा करू नये. त्याने सर्वांत शेवटी बोलावे. चांगलेवाईट ठरविण्याची घाई नसावी.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकात श्याम रात्रीमागून रात्री आपली हकीकत सांगतो आणि आश्रमातील मित्र ती ऐकतात. गोष्ट सांगावीशी वाटते ती असे ऐकणारे असतात म्हणून. आपल्या वर्गातील थरथरत्या हाताच्या मुलालाही तसे मित्र मिळाले पाहिजेत, आणि ते मिळवून देणे शिक्षकाच्या हाती आहे.