‘चालत नाहीं’ म्हणजे काय?

शिक्षकाची नोकरी सुटते, पण शिकविण्याची खोड सुटत नाहीं. आज मात्र मी शिकविण्यासाठीं आलेलों नसून, उतारवयांत स्वतः शिकलेला एक धडा आपणांपुढें ठेवण्यासाठीं आलों आहें. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. संगणकाशीं माझा संबंध आला तो निवृत्तीनंतरच.

माझ्या अंगणांत एक पर्जन्यमापक आहे. गेलीं २२ वर्षें पावसाळ्यांत रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजून मी वहींत मांडीत आलों आहें. हे आंकडे संगणकांत घालून त्यांचे आलेख काढावे, अशी मनीषा होती. नातवानें आपला जुना संगणक मला दिला. त्यावर लिनक्सची डेबियन ही प्रणाली होती. लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें प्रसिद्ध केला. डेबियनचा प्रारंभ १९९३ मधला. आंकड्यांच्या कामासाठीं मीं जें साधन निवडलें त्याचें नांव एकाक्षरी, ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं तें निर्माण केलें. हें सारें विनामूल्य मिळतें, व त्याचें अंतरंग कोणासहि उघडून पाहतां येतें.

तीन महिने खपून मीं सारे आंकडे उतरविले. मग ‘टायडीव्हर्स’ नांवाचा उपसाधनांचा संच ‘आर’मध्यें बसवावयास गेलों, तों यंत्रानें हटकलें. सामाईक जागेंत लिहिण्याची तुम्हांस मुभा नाहीं. तुमच्या खासगी जागेंत ठेवूं काय, असा त्याचा प्रश्न होता. मीं तो नीट न वाचतांच नकार दिला आणि एका ओळखीच्या गृहस्थांस दूरध्वनि केला. म्हणालों, “तें चालत नाहीं.” काय चालत नाहीं, हें त्यांनीं विचारलें नाहीं, मींहि सांगितलें नाहीं. “परवानगीची अडचण असेल, सगळें मोकळें करून टाका,” असें म्हणून त्यांनीं ‘यूएसआर’ या मुख्य कोठारांतील प्रत्येक वस्तूची परवानगी ७७७ करणारी आज्ञा सांगितली. मीं ती निमूटपणें दिली.

लिनक्समध्यें प्रत्येक फाइलीवर ती कोणी वाचावी, कोणी बदलावी व कोणी चालवावी याची खूण असते. ७७७ म्हणजे सर्वांस सर्व मुभा. परंतु साध्या माणसास घटकाभर कारभाऱ्याचा अधिकार देणारी ‘सुडो’ नांवाची जी आज्ञा आहे, तिच्यावर एक खास शिक्का असतो. या सरसकट फेऱ्यांत तोच पुसला गेला. ‘सुडो’ चालेना, आणि ‘सुडो’वांचून मला दुरुस्तीहि करतां येईना. तिजोरीची किल्ली तिजोरींतच राहावी, तशी गत झाली.

सुटींत गांवीं आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या वेळीं घरीं आली. ती आतां पुण्यांत भौतिकशास्त्रांत संशोधन करते. यंत्राला हात लावण्यापूर्वीं तिनें विचारलें, “गुरुजी, पावसाचे आंकडे दुसरीकडे कोठें ठेवले आहेत कां?” मी गप्प राहिलों. तिनें पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स चालू करून माझी फाइल आधीं बाहेर काढली, आणि मगच डेबियन नव्यानें बसविली. जातांना हंसून म्हणाली, “वर्गांत आम्ही ‘गणित येत नाहीं’ म्हटलें, म्हणजे आपण काय विचारीत होतां?”

मी विचारीत असें, “कोणत्या पायरीला अडलें?” माझाच प्रश्न चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर मला परत मिळाला.

चार दिवसांनीं तोच संच पुन्हा अडला. शेवटची ओळ एवढेंच सांगत होती कीं, बसविणें फसलें. आतां मात्र मीं ओळींमागून ओळी वर वाचीत जाऊन पहिली चूक शोधली: ‘लिबएक्सएमएल’ सांपडत नाहीं. शेवटची ओळ हा केवळ परिणाम असतो. कारण पहिल्या चुकींत असतें. मग मीं तिला लिहून कळविलें: डेबियनची व ‘आर’ची आवृत्ति, मीं दिलेली आज्ञा, पहिल्या चुकीचे शब्द जसेच्या तसे, आणि मला मुळांत काय साधावयाचें आहे तें. दहा मिनिटांत उत्तर आलें, “गुरुजी, त्याच ओळीखालीं यंत्रानें औषधहि सांगितलें आहे.” खरोखरच तेथें लिहिलें होतें कीं, ‘लिबएक्सएमएल२-डेव्ह’ बसवावें.

शेवटीं ‘डेव्ह’ कशाला, हें तिनें मला समजावून दिलें. तयार सदरा अंगांत घालावयास मापें लागत नाहींत, पण घरीं शिवावयाचा तर मापांचा कागद हवा. ‘आर’ माझ्या यंत्रावर हा संच मूळ मजकुरापासून शिवीत होता; मापांचा कागद त्या ‘डेव्ह’ भागांत असतो. तयार सदराहि डेबियनच्या भांडारांत होता, ‘आर-क्रॅन-टायडीव्हर्स’ या नांवाचा. त्याची घडण किंचित् जुनी असूं शकते, परंतु डेबियनच्या बाकीच्या भागांशीं तो जुळवून ठेवलेला असतो. मीं तोच घेतला, आणि काम झालें कीं नाहीं हेंहि तिला त्याच रात्रीं कळविलें.

श्रोतेहो, मदत मागण्यांत कमीपणा नाहीं. पण वैद्याकडे जाऊन नुसतें “बरें वाटत नाहीं” म्हणणारा रोगी औषध तरी कसलें घेणार? मागणारानें अडलेली पायरी सांगावी, देणारानें ती विचारावी, आणि जी आज्ञा कळली नाहीं ती कोणीहि सांगितली तरी देऊं नये. त्याहूनहि आधीं, आपल्या कष्टाची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

बावीस पावसाळ्यांचा तो आलेख आतां माझ्या भिंतीवर आहे. यंदाचा स्तंभ अजून कोरा आहे. उद्यां सकाळीं साडेआठला मी अंगणांत असेन.