उसनवारीची ऊर्जा

मी कवितेचा माणूस. विज्ञानाशी माझी ओळख वाचनापुरती. तरीही आज 'आभासी कण' या शास्त्रीय शब्दाविषयी बोलावंसं वाटतं, कारण तो मला कवितेतल्या प्रतिमेसारखा वाटतो.

पदार्थविज्ञान म्हणतं, निर्वात पोकळीही अगदी रिकामी नसते. तिथं कण क्षणभर उमटतात आणि मावळतात, असं चित्र रंगवलं जातं. ईदच्या सकाळी आमच्याकडे साखर कमी पडली की शेजारच्या काकूंकडून वाटीभर उसनी यायची. तशीच ही ऊर्जेची उसनवारी. मोठी असेल, तितकी परतफेडीची घाई अधिक. हे कण हाती लागत नाहीत. पण १९४८ साली डच शास्त्रज्ञ हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी भाकीत केलं, की निर्वातात अगदी जवळ ठेवलेले, विद्युतभार नसलेले धातूचे दोन पत्रे एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बळ मोजून दाखवलं.

आता दुसरी हकिगत. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं, की जड पाण्यात पॅलेडियमची कांडी ठेवून वीज सोडली असता, दिली त्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपात मिळाली. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांवर अणुकेंद्रकं जुळतात. ती इथं टेबलावरच्या भांड्यात जुळली, असा हा दावा! जगभर प्रयोग सुरू झाले. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी ते झाले, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचं सांगितलं गेलं. पण बहुतेक प्रयोगशाळांच्या हाती काही लागलं नाही. शिवाय नेहमीच्या संमीलनातून नुसती वॅटभर उष्णता निघाली, तरी सेकंदाला सुमारे लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. मग भांड्याजवळ उभ्या माणसाची धडगत नव्हती!

इथं काहींना आभासी कण आठवले. धातूच्या स्फटिकात हे कण केंद्रकांमधला दुरावा मिटवत असतील, असा तर्क मांडला गेला. कल्पना देखणी आहे. पण उसन्या साखरेवर दुकान चालत नाही. आभासी कण फार तर मध्यस्थी करतील. उष्णता केंद्रकांनाच द्यावी लागेल आणि त्या जळणाची राखही दिसावी लागेल. गूगलच्या पैशानं अनेक वर्षं झालेल्या शोधाचा अहवाल २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. शीत संमीलनाचा पुरावा त्यातही मिळाला नाही.

स्वस्त, स्वच्छ विजेची आस खोटी नाही. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या आमच्या पिढीला ती चांगलीच कळते. म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं: प्रतिमा कितीही सुंदर असली, तरी तिच्यावर चूल पेटत नाही. कवीला प्रतिमा पुरते. शास्त्रज्ञाला मात्र साखरेची वाटी परत करून उरलेलं मोजून दाखवावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)