गोड्या पाण्यातला सामन



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला, अर्थकारण ऐकले, नाट्यसंगीतावरचे वादही ऐकले. आज आम्ही माशावर बोलणार आहो. पत्रिकेतला विषय वाचून काही मंडळींनी नाके मुरडली, हे आमच्या कानांवर आले आहे. ज्यांना मासे वर्ज्य आहेत त्यांनी निर्धास्त राहावे. आजचा मासा पानात वाढायचा नाही. तो मोठ्या कष्टाने धरायचा आणि धरला की पुन्हा नदीत सोडून द्यायचा आहे. हा वेडेपणा कुठे चालतो, का चालतो आणि त्यात काही शहाणपण आहे की काय, एवढेच आज पाहू.

प्रथम नावाचा घोटाळा मिटवू. मुंबईच्या खानावळींत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची रीत आहे. रावस खाणाऱ्याला त्यामुळे बढती मिळाल्यासारखे वाटते. पण रावसाचे आणि खऱ्या सामनाचे कूळ अगदी वेगळे. खरा सामन हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. त्याचा जन्म नदीत होतो, तारुण्य समुद्रात जाते आणि वंश वाढवायला तो पुन्हा आपल्या जन्मनदीत येतो. पॅसिफिक महासागरातली त्याची भावंडे अंडी घातली की मरतात. अटलांटिकचा सामन मरतोच असे नाही. तो परत जाऊ शकतो, पुन्हा येऊ शकतो.

आता याच जातीची एक शाखा अशी आहे की तिने समुद्राचे नाव टाकले. हिमयुग ओसरले, बर्फाचे थर वितळले, जमीन उचलली गेली, आणि काही सामन आतल्या सरोवरांत राहिले. स्वीडनच्या व्हेनर्न सरोवरात आणि रशियाच्या लाडोगात ते आहेत. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला जे मेन नावाचे राज्य आहे तिथेही ते आहेत. इंग्रजीत त्यांना जमिनीने कोंडलेले सामन म्हणतात. आम्हाला हा शब्द पुरता पटत नाही, कारण यांतल्या कित्येक सरोवरांतून समुद्राकडे जाणारी वाट मुळात बंद नव्हती. दार उघडे असताना जो घरात राहतो त्याला कोंडलेला कसे म्हणावे? सरोवर हाच त्याने समुद्र मानला. तिथल्या स्मेल्ट नावाच्या बोटभर रुपेरी माशांवर तो पोसतो, आणि पानगळीच्या दिवसांत सरोवराला मिळणाऱ्या किंवा सरोवरातून निघणाऱ्या नदीत अंडी घालायला येतो. अंगाने तो समुद्रातल्या भावापेक्षा लहान. दीड-दोन पौंडांचा मिळाला तरी माणूस खूष असतो. मेनच्या सेबेगो सरोवरात १९०७ साली साडेबावीस पौंडांचा एक निघाला, त्याची गोष्ट तिथे अजून सांगतात.

आम्ही दोन शरद ऋतू ज्या नदीकाठी काढले तिचे नाव ग्रँड लेक स्ट्रीम. नदी म्हणायची ती रीत म्हणून. लांबी सारी तीन मैलांची, तासाभरात काठाने चालून संपेल. वेस्ट ग्रँड लेक नावाच्या सरोवरातून ती निघते आणि बिग लेक नावाच्या सरोवरात पडते. पलीकडे थोड्याच अंतरावर कॅनडाची हद्द. मुखाशी एक बांध आहे, त्याच्या दारांतून पाणी कमी-जास्त सोडतात. बांधाखाली डोह, मग खळाळ, मग पुन्हा डोह. भोवती मेपल, बर्च आणि सूचिपर्णी झाडांचे रान. आपला ऑक्टोबर म्हणजे अंगाची काहिली. तिकडचा ऑक्टोबर म्हणजे मेपलची पाने शेंदरी, पहाटे गवतावर हिमकण, आणि मांड्यांपर्यंतच्या रबरी बुटांतूनही हाडांत शिरणारे पाणी.

पाणी असे गार झाले की सरोवराच्या तळाशी उन्हाळा काढलेला सामन नदीकडे निघतो. नराचा खालचा जबडा लांबून आकड्यासारखा वर वळतो, रुपेरी अंग तपकिरी होते. मादी स्वच्छ खडीचा तळ शोधते, कुशीवर होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खळगा करते, त्यात गाबोळी सोडते आणि वरून खडी लोटते. बर्फाखाली, वाहत्या पाण्यात, ती अंडी हिवाळा काढतात. खडीत गाळ बसला तर अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ती गुदमरतात. माशाचे सारे भवितव्य असे वीतभर खडीच्या स्वच्छतेवर लटकलेले आहे.

मासा नदीत दाटलेला असतो नेमका तेव्हाच तो हाती लागायला सोपा. जाळे लावले तर चार रात्रींत नदी रिकामी होईल. म्हणून या नदीवर कायदा असा की मासा धरायचा तर पिसांच्या माशीनेच. गांडूळ नाही, जिवंत आमिष नाही. आणि ऑक्टोबरात हाती आलेला सामन जिवंत परत सोडायचा. २० ऑक्टोबरला नदी अजिबात बंद.

ही पिसांची माशी काय प्रकार आहे, ते जरा सविस्तर सांगू. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाच्या वजनाने दोरी पाण्यात जाते. माशीला वजन नाही. ती म्हणजे लहानशा गळावर रेशीम, केस आणि पिसे गुंडाळून केलेले सोंग. ती फुंकरीने उडेल. मग पन्नास फुटांवर टाकायची कशी? इथे वजन दोरीलाच असते. नऊ फुटांची लवचीक काठी घेऊन ती दोरी गाडीवानाच्या आसुडासारखी मागे फेकायची, मागे ती पुरती सरळ होईपर्यंत थांबायचे, आणि मग पुढे. सारी विद्या त्या थांबण्यात आहे. घाई केली की दोरीचा गोळा डोक्यावर. दोरीच्या टोकाला न दिसण्याइतका बारीक धागा, त्याच्या टोकाला माशी. ती पाण्याच्या धारेत आडवी वाहत जावी, घाबरून पळणाऱ्या स्मेल्टसारखी दिसावी, इतकेच मागणे.

असली माशी करण्यात मेनमधल्या कॅरी स्टीव्हन्स नावाच्या बाईंचा हात धरणारा कोणी झाला नाही. बाई मूळच्या टोप्या बनवणाऱ्या. पिसांशी रोजचा संबंध. १९२४ साली त्यांनी स्वतः बांधलेल्या माशीवर पावणेसात पौंडांहून मोठा ट्राउट धरला, एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले आणि बाईंना माशा पुरवता पुरवेनात. त्यांच्या ‘ग्रे घोस्ट’ नावाच्या माशीवर आजही सामन धरतात. या माशीच्या गालांवर जे चकचकीत, लाखेच्या ठिपक्यासारखे पीस लावतात ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. आंबोलीच्या रानात पहाटे जो आरवतो, त्याच्या जातीचे पीस मेनच्या नदीत माशाचा डोळा होऊन फिरते! भारतातून ही पिसे नेण्याला आता कायद्याने बंदी आहे. तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची वापरतात.

गंमत अशी की अंडी घालायला निघालेल्या सामनाची भूक मंदावलेली असते. तरी तो माशीवर झडप घालतो. रागाने, सवयीने, की जागेच्या मालकीने, यावर जाणत्यांत एकमत नाही. झडप मात्र खरी असते. काठी वाकते, रीळ किरकिरते, आणि मासा पाण्याबाहेर हातभर उडतो. एकदा, दोनदा, कधी पाच वेळा. आम्हाला त्या क्षणी वेदान्त आठवला नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता आपल्या मनातला प्रश्न. सोडायचाच तर धरायचा कशाला? मुक्या जिवाला ओठात काटा टोचून वर दया दाखवायची, हे ढोंग नव्हे काय? आक्षेप हलका नाही. माशाला वेदना कशा होतात यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत. आम्ही मात्र त्याला काहीच होत नाही असे म्हणणार नाही. सोडलेल्यांतले काही मासे मागाहून मरतात, पाणी उबदार असेल तर जास्तच. म्हणून जाणता गडी गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतो, हात भिजवल्याशिवाय माशाला शिवत नाही, त्याला पाण्याबाहेर काढत नाही, आणि उन्हाने पाणी तापले तर काठी गुंडाळून घरी जातो. तरीही खेळ तो खेळच, आणि त्याची किंमत मासा देतो.

पण जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. १८७० च्या सुमारास याच नदीकाठी कातडी कमावण्याचा प्रचंड कारखाना निघाला. रानातल्या हेमलॉक झाडांची साल सोलायची, तिच्या अर्कात कातडी मुरवायची आणि घाण पाण्यात सोडायची. शतक संपण्याआधी कारखाना बुडाला, नदी उरली. त्याच काळात चार्ल्स अ‍ॅटकिन्स या मत्स्यतज्ज्ञाने इथे अंडी उबवण्याचे केंद्र काढले, आणि इथला सामन दूरदूरच्या सरोवरांत गेला. पुढे भोवतालचे जंगल विक्रीला निघण्याची वेळ आली, तेव्हा या खेड्यातल्या लोकांनी, त्यांत मासेमारांना वाट दाखवणारे बरेच, २००१ साली एक विश्वस्त संस्था उभारली आणि २७ हजार एकरांवर रान गावासाठी राखले. खेडे ते केवढे, रान केवढे! ही माणसे साधुसंत नव्हती. नदीत सामन आहे म्हणून पाहुणे येतात, पाहुणे येतात म्हणून चूल पेटते, हा त्यांचा सरळ हिशेब. १९५० पासून अमेरिकेत गळ, काठी, रीळ यांवर बसणारा कर मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो, तोही असाच हिशेब.

जे या हिशेबात आले नाहीत त्यांचेही नाव घेतले पाहिजे. बिग लेकच्या काठी पासामाक्वाडी या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. त्यांच्या नावाचाच अर्थ ‘भाल्याने पोलॉक मासा टिपणारे लोक’. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी या पाण्यावर पोट भरले, त्यांच्या पाण्यावर परवाने, हंगाम आणि हद्दी दुसऱ्यांनी ठरवल्या. सामन वाचला ही गोष्ट सांगताना एवढा भाग गाळला तर ती गोष्ट खोटी होईल.

आणि समुद्राकडे गेलेल्या थोरल्या भावाचे काय झाले? मेनमधल्या पेनॉब्स्कॉट नदीत हंगामात धरलेला पहिला सामन राष्ट्राध्यक्षांना नजर करण्याची प्रथा १९१२ साली सुरू झाली आणि १९९२ साली संपली. नजर करायला मासेच उरले नाहीत. लाकडाच्या गिरण्या, कागदाच्या गिरण्या, त्यांचे बांध, मग समुद्रातलेही काही बिघडलेले. २००० साली मेनमधल्या काही नद्यांतला आणि २००९ साली पेनॉब्स्कॉटचाही समुद्री सामन नामशेष होऊ घातलेल्या जीवांच्या सरकारी यादीत गेला. २०१२ आणि २०१३ साली पेनॉब्स्कॉटवरचे दोन बांध पाडले, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. सबंध महासागर ज्याचा, तो असा संपत आला. आणि ज्याला कोंडलेला म्हणून कीव केली, तो तीन मैलांच्या नदीत नांदतो आहे. कारण त्याच्या साऱ्या वाटेवर माणसाची नजर पोहोचते. थोरल्याच्या वाटेवर प्रत्येकाचा मालक निराळा.

चढणीचा मासा आपल्याला नवा नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला, ओढे-नाले भरले की कोकणात वलगण लागते. गाबोळीने फुगलेले मासे शेतांच्या बांधांवरून वर चढतात आणि माणसे कंदील घेऊन धावतात. वलगणीच्या कालवणाची चव आम्हीही जाणतो. त्या रात्रीची मौजही. गरिबाच्या घरी वर्षातून एकदा आलेली ती समृद्धी, तिला अमेरिकेचा कायदा ऐकवणे आम्हाला शोभणार नाही. पण याच मुलखात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीच्या नावाने तो डोह राखलेला, तिथल्या माशाला कोणी हात लावत नाही, आणि तिथे हातहात लांबीचे महसीर माणसाच्या पायांशी येतात. याच महसीरला इंग्रज शिकारी हिंदुस्थानचा सामन म्हणत. लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी त्याची अंडी उबवून पिल्ले नद्यांत सोडण्याचे काम १९७० नंतर सुरू झाले, डॉ. सी. व्ही. कुलकर्णींसारख्यांनी त्यात आयुष्य घातले. पिल्ले सोडली, पण महसीरलाही अंडी घालायला वाहते पाणी आणि स्वच्छ खडी लागते. आपल्या नद्यांतली वाळू-खडी कुठे जाते, ते या सभागृहाच्या भिंतींना ठाऊक आहे.

ग्रँड लेक स्ट्रीमवर २० ऑक्टोबरनंतर काठ्या दिसत नाहीत. नोव्हेंबरात सरकारी केंद्राची माणसे पाण्यात उतरतात, मोजके नर-माद्या धरतात, मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून केशरी गाबोळी परातीत घेतात आणि वर नराचे रेत सोडतात. रिकामी झालेली मादी लगेच पाण्यात सोडतात. ती थोडा वेळ काठाशी डुलत राहते, मग शेपटी हलवते आणि सरोवराकडे निघून जाते. पुढल्या काही दिवसांत काठाचे पाणी गोठू लागते.