जवसाची चटणी आणि जेवणानंतरची शुगर

आपल्या सोलापुरात कडक भाकरी आली की शेंगाची चटणी आलीच, आणि बऱ्याच घरांत तिच्या शेजारी जवसाचीही. पण रील्समध्ये सध्या हवा आहे चियाची. म्हणून आज थोडा हिशेब करू.

१०० ग्रॅम चियात साधारण ३४ ग्रॅम फायबर असतं, जवसात २७. म्हणजे आपलं जवस फार मागे नाही.

हे फायबर करतं काय? चमचाभर जवस पाण्यात भिजवून बघा, बुळबुळीत होतं. पोटातही तसंच होतं. अन्न घट्ट होतं, जठरातून हळूहळू पुढे सरकतं, त्यामुळे साखर रक्तात एकदम न जाता सावकाश जाते. सर्व्हरवर सगळ्या रिक्वेस्ट एकाच सेकंदाला आल्या तर तो बसतो, रांगेने आल्या तर निभावतो, तसं समजा. पोटही जास्त वेळ भरलेलं वाटतं.

पण प्रमाण बघा. १० ग्रॅम जवसात फायबर जेमतेम पावणेतीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना रोज किमान २५ ग्रॅम सांगते. ताटाच्या कोपऱ्यातली बोटभर चटणी तिथपर्यंत नेणार नाही. भाकरी, डाळ, भाजी हवीच. भाताचा डोंगर तसाच ठेवून वर जवस भुरभुरण्यात अर्थ नाही.

आता महत्त्वाचं. आयसीएमआरच्या २०२३च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. तुमच्याही घरात कुणीतरी गोळी घेत असेल. फॅमिली ग्रुपवर ‘जवस खा, गोळी सोडा’ असं आलं, तर पुढे ढकलू नका. गोळी सोडली की शुगर चढते, आणि बऱ्याचदा माणसाला काही जाणवतही नाही. डोळे, किडनी, पायाच्या नसा मात्र आतून खराब होत राहतात. जवस गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

आईबाबांना रोज द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी आणि जवस यांत किती वेळ ठेवायचा तेही. दळून द्या, कारण अख्खा दाणा बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. अर्ध्या चमच्याने सुरुवात करा, नाहीतर पोट फुगतं. वर पाणी भरपूर.

घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन दिवस तेच जेवण घ्या, एकदा जवसासह, एकदा त्याशिवाय. पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर मोजा. आकडे वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात!